यंत्राची नाडीपरीक्षा

श्रावणात पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी मावळचा मुलूख ओलांडून लोणावळ्यास येते, तेव्हा दोन्ही बाजूंस पाण्यावाचून दुसरे काही दिसत नाही. डोंगर धुक्यात बुडालेले असतात, कड्याकड्यांवरून पांढऱ्याशुभ्र धारा कोसळत असतात आणि भाताची खाचरे काठोकाठ भरलेली असतात. या भागात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे पाणी आपल्या नैसर्गिक उताराने वाहत गेले, तर इंद्रायणीतून भीमेस व भीमेतून कृष्णेस मिळून दूर पूर्वेकडील बंगालच्या उपसागरास जाईल. परंतु लोणावळा, वळवण व शिरोता येथील धरणांनी त्यातील बराच भाग अडवून धरला आहे. तलावांत साठलेले हे पाणी कालव्यांनी खंडाळ्याकडे नेले जाते आणि तेथून प्रचंड पोलादी नळ्यांतून घाटाखाली खोपोलीस सोडले जाते. पाण्याची ही उडी ५०० मीटरांहून अधिक उंचीची आहे.

या उडीचा उपयोग करून वीज निर्माण करता येईल, ही कल्पना प्रथम डेव्हिड गॉसलिंग नावाच्या वास्तुविशारदास सुचली आणि जमशेटजी टाटा यांनी ती मनावर घेतली. मुंबईच्या गिरण्या त्या काळी कोळशावर चालत व त्यांच्या धुराने शहराचे आकाश काळवंडून जाई. घाटातील पाण्यावर त्या गिरण्या चालाव्यात, असे जमशेटजींचे स्वप्न होते. १९०४ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या मागून त्यांच्या पुत्रांनी व सहकाऱ्यांनी ते काम पुढे नेले. १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९११ साली लोणावळ्यास कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून सुमारे ७० किलोमीटर दूर असलेल्या मुंबईस वीज मिळू लागली. पुढे भिवपुरी व भिरा येथेही अशीच वीजघरे उभी राहिली. खोपोलीचे वीजघर आजही चालू आहे. तेथील जुनी यंत्रे बदलून नवी बसविण्यात आली असून आज त्याची शक्ती ७२ मेगावॉट आहे.

वीजघरात पाणी आणि वीज यांची गाठ कशी पडते? नळीच्या टोकाशी असलेल्या तोटीतून पाण्याचा झोत सेकंदास सुमारे १०० मीटर वेगाने बाहेर पडतो आणि मोठ्या चाकाच्या कडेस बसविलेल्या वाट्यांवर आदळतो. पेल्टन नावाच्या अमेरिकन कारागिराने शोधून काढलेले हे चाक म्हणून पेल्टन चक्र या नावाने ओळखले जाते. चाक फिरते, त्याचा आस फिरतो आणि त्याच आसावर बसविलेले जनित्राचे हृदयही फिरू लागते.

जनित्राचे मुख्य भाग दोन. बाहेरचा भाग स्थिर असतो. त्यास स्टेटर म्हणतात. आतला भाग फिरता असतो. त्यास रोटर म्हणतात. रोटरवर लोखंडी ध्रुव ओळीने बसविलेले असतात आणि प्रत्येक ध्रुवाभोवती तांब्याच्या पट्टीचे अनेक वेढे घातलेले असतात. या वेढ्यांतून एकाच दिशेने वाहणारा वीजप्रवाह सोडला, की ध्रुव चुंबक बनतात. एक उत्तर, एक दक्षिण, पुन्हा एक उत्तर, अशी त्यांची रचना असते. हे चुंबक स्टेटरच्या खाचांत बसविलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांसमोरून वेगाने सरकतात आणि त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. चुंबक हलला म्हणजे जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली लावला. पृथ्वीवरील बहुतेक सारी मोठी वीजघरे आजही त्याच तत्त्वावर चालतात.

अशा जनित्रास समकालिक जनित्र म्हणतात. या नावाचा अर्थ समजण्यास आळंदीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांसमोर आणावी. शेकडो वारकरी, परंतु टाळ एकाच वेळी वाजतो आणि पाऊल एकाच वेळी पडते. त्याचप्रमाणे एका जाळ्यास जोडलेली सर्व समकालिक जनित्रे एकाच तालात चालतात. भारतात हा ताल सेकंदास ५० आवर्तनांचा आहे. समजा, एखादे जनित्र मिनिटास ३०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास त्याचे ५ फेरे होतात. ध्रुवांची एक जोडी समोरून गेली, की एक आवर्तन पुरे होते. म्हणून ५० आवर्तनांसाठी त्यास ध्रुवांच्या १० जोड्या, म्हणजे २० ध्रुव असावे लागतात. ताल चुकून चालत नाही. एका जनित्राचे पाऊल डळमळले, तर त्याचा धक्का साऱ्या दिंडीस बसतो.

आता या यंत्रास आजार कसा जडतो, ते पाहण्यासारखे आहे. तांब्याचे वेढे एकमेकांना खेटून बसविलेले असतात. परंतु त्यांनी एकमेकांस स्पर्श करता कामा नये. म्हणून दोन वेढ्यांच्या मध्ये वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाचे पातळ आवरण असते. पूर्वी त्यासाठी अभ्रक, लाख, कागद व कापड यांचा उपयोग करीत. आज अभ्रकाच्या फितीसोबत कृत्रिम राळ वापरतात. हे आवरण म्हणजे या यंत्राचे सर्वांत नाजूक अंग होय. यंत्र तापते व निवते, तसतसे तांबे प्रसरण पावते व आकुंचन पावते. त्या हालचालीने आवरण झिजते. रोटरला वीज पोहोचविणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांची काळी धूळ उडून वेढ्यांवर बसते. त्या धुळीस तेलाचा अंश आणि दमट हवा यांची साथ मिळते. वर्षानुवर्षांच्या या जाचाने एखाद्या ठिकाणी आवरणास केसाएवढी चीर पडते आणि शेजारशेजारच्या दोन वेढ्यांचे तांबे एकमेकांस भिडते. यासच वेढ्यांमधील शॉर्ट सर्किट म्हणतात. वीज मग आपला नेमून दिलेला लांबचा मार्ग सोडून जवळची वाट धरते.

हा दोष रोटरमध्ये झाला तर त्याचे रूप एक असते आणि स्टेटरमध्ये झाला तर दुसरेच असते. मावळातील डोंगरउतारावरच्या भातखाचरांकडे पाहिले, म्हणजे पहिले रूप सहज ध्यानात येते. वरच्या खाचरातील पाणी खालच्या खाचरात, त्यातून त्याच्या खालच्यात, असे क्रमाने उतरत जाते. मधल्याच एका खाचराला वळसा घालून पाण्याने आडवाट काढली, तर काय होईल? पाणी पायथ्याशी पोहोचेलच. वर किती आले आणि खाली किती गेले, याचा हिशोब बरोबर जुळेल. परंतु मधले ते खाचर मात्र कोरडे राहील. रोटरमधील शॉर्ट सर्किटचे असेच असते. भिडलेल्या वेढ्यांतून वीज जात नाही, ते उपाशी राहतात आणि त्या ध्रुवाचे चुंबकत्व तेवढे दुबळे होते. यंत्र थांबत नाही. घरोघरचे दिवे लागलेलेच असतात.

स्टेटरमधील दोष याहून भयंकर असतो. स्टेटरच्या वेटोळ्यांसमोरून चुंबक सतत धावत असतात. त्यामुळे तेथे भिडलेला वेढा उपाशी राहत नाही. तो स्वतःपुरती एक बंद कडी बनतो आणि त्या कडीतच वीज गरगर फिरू लागते. हा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या अनेक पट मोठा असू शकतो. भरल्या कालव्यात मध्येच भोवरा पडावा आणि त्याने आतून काठ पोखरावा, तसे हे होते. तांबे तापते, आवरण जळते, शेजारचे वेढे त्यात सापडतात आणि अखेर स्टेटरचे लोखंडही वितळू लागते. अशा यंत्राच्या दुरुस्तीस कित्येक महिने लागतात. तेवढा काळ त्या यंत्राची वीज नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की आग भडकली तर वीजघरात काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते.

तर मग वीजघरात पहारेकरी नसतात काय? असतात. त्यांपैकी एक पहारेकरी फार हुशार समजला जातो. रिले नावाचे हे उपकरण गुंडाळीच्या एका टोकाने आत जाणारा प्रवाह आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडणारा प्रवाह यांची सतत तुलना करीत असते. दोन्ही सारखे असतील तर ते स्वस्थ राहते. त्यांत फरक पडला, म्हणजे मध्येच कोठे तरी वीज गळते आहे असे जाणून ते क्षणार्धात यंत्र जाळ्यापासून तोडते. परंतु वेढ्यांमधील शॉर्ट सर्किट या पहारेकऱ्यास दिसत नाही! कारण कालव्याच्या मध्यावर भोवरा पडला, म्हणून मुखाशी आत येणारे आणि शेवटी बाहेर जाणारे पाणी वेगवेगळे होत नाही. जेवढे आत, तेवढेच बाहेर. हिशोब चोख, आणि काठ मात्र आतून ढासळतो आहे!

दुसरी एक नेहमीची चाचणी अशी आहे. यंत्र थांबवून तांबे आणि लोखंड यांच्यामधील आवरण किती बळकट आहे, हे मेगर नावाच्या उपकरणाने मोजतात. ही चाचणी आवश्यक खरी. परंतु येथे तांबे लोखंडास भिडलेले नसून तांबेच तांब्यास भिडलेले असते. त्यामुळे मेगरचा काटा यंत्र निरोगी असल्याचे सांगतो आणि आजार आत तसाच राहतो. एका कसोटीस उतरले म्हणजे सर्व काही ठीक आहे, असे मानून चालत नाही, हा धडा अभियंत्यांना यातून मिळाला.

यावर त्यांनी जी तोड काढली, तिचे सार एका शब्दात सांगता येते. तो शब्द म्हणजे तुलना. यंत्रात एकसारखे असे अनेक अवयव असतात. निरोगी अवयव एकसारखेच वागले पाहिजेत. म्हणून एकाची तुलना त्याच्या जुळ्या भावाशी करावी. जो वेगळा वागेल तो आजारी.

पहिली तुलना स्टेटरची. मोठ्या जनित्रांत प्रत्येक गुंडाळीच्या पुष्कळदा दोन सारख्या शाखा केलेल्या असतात. एकाच बांधापासून दोन सारखे पाट निघावेत आणि पुढे पुन्हा एकत्र यावेत, तशी ही रचना असते. दोन्ही शाखांतून सारखाच प्रवाह वाहिला पाहिजे. एका शाखेतील वेढे भिडले, तर तिचा दाब कमी पडतो आणि दोन शाखांच्या प्रवाहांत फरक येतो. म्हणून नवा पहारेकरी आत आणि बाहेर न पाहता या दोन शाखांकडेच पाहत बसतो. पहिल्या पहारेकऱ्यास न दिसलेला भोवरा त्यास चटकन दिसतो आणि तो यंत्र थांबवितो.

दुसरी तुलना रोटरच्या ध्रुवांची. यंत्र थांबवून सर्व ध्रुवांच्या वेटोळ्यांतून एकामागून एक असा उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडतात. २० ध्रुवांवर मिळून १०० व्होल्ट दाब दिला, तर प्रत्येकाच्या वाट्यास ५ व्होल्ट यावयास हवेत. अभियंता एकेका ध्रुवाच्या टोकांशी मापक लावून आकडा टिपून घेतो. एकाच ध्रुवावर ३ व्होल्ट आढळले आणि उरलेल्यांवर ५ हून किंचित अधिक आढळले, तर दोष कोणत्या ध्रुवात आहे हे सांगण्यास ज्योतिषी नको. उलटसुलट प्रवाह सोडण्याचे कारण असे, की त्यामुळे भिडलेल्या वेढ्यातही विरोधी प्रवाह उत्पन्न होतो, त्या ध्रुवावरील दाब अधिकच घटतो आणि लहानसा दोषही ठळक होऊन दिसतो.

परंतु काही आजार रोगी निजलेला असताना दिसत नाहीत. तो धावू लागला, म्हणजेच ते प्रकट होतात. रोटर वेगाने फिरू लागला, की त्यावरील प्रत्येक वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते. गोफण फिरविताना तीतील दगड जसा बाहेर ओढ घेतो, तशीच ही ओढ असते. या ओढीने तांब्याचे वेढे एकमेकांवर दाबले जातात आणि आवरणास चीर असेल, तर ते तेथे भिडतात. यंत्र थांबले की ते पुन्हा अलग होतात. म्हणजे चाचणीच्या वेळी रोगी ठणठणीत आणि कामाच्या वेळी आजारी! अशा दोषास पकडण्यासाठी धावत्या यंत्राचीच नाडी पाहावी लागते.

ही नाडी पाहण्याचे साधन अगदी लहान आहे. स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये जी थोडीशी मोकळी जागा असते, तेथे स्टेटरच्या बाजूस बारीक तारेचे एक छोटे वेटोळे पक्के बसवितात. रोटरचा प्रत्येक ध्रुव समोरून गेला, की या वेटोळ्यात विजेची एक लाट उमटते. २० ध्रुवांचा रोटर एक फेरा घेईपर्यंत अशा २० लाटा उमटतात. निरोगी रोटरच्या लाटा एका उंचीच्या असतात. एखाद्या ध्रुवाचे वेढे भिडलेले असले, की त्याची लाट ठेंगणी पडते आणि प्रत्येक फेऱ्यात तीच लाट पुन्हा पुन्हा ठेंगणी पडत राहते. रोटरवर एक खूण केलेली असते. त्या खुणेपासून लाटा मोजल्या, म्हणजे सात क्रमांकाचा ध्रुव दुबळा आहे की बारा क्रमांकाचा, हे यंत्र न थांबविताच कळते. आज या लाटा संगणकात साठविल्या जातात. त्यामुळे आजची नाडी आणि गेल्या वर्षीची नाडी शेजारी ठेवून पाहता येते.

ही उपकरणे हाताशी नसतानाही जाणता अभियंता काही लक्षणांवरून आजार ओळखतो. रोटरचे काही वेढे उपाशी राहिले, तर तेवढीच वीज निर्माण करण्यासाठी रोटरला नेहमीपेक्षा अधिक प्रवाह पाजावा लागतो. मागील वहीतील नोंद काढून पाहिली, की ही वाढलेली भूक लक्षात येते. दुसरे लक्षण कंपनाचे. एका बाजूचा ध्रुव दुबळा आणि समोरचा सबळ, अशी स्थिती झाली, की रोटर एका बाजूस अधिक ओढला जातो आणि यंत्र थरथरू लागते. परंतु थरथरण्याची कारणे पुष्कळ असतात. चाकाचा तोल बिघडला तरी यंत्र थरथरते. खरे कारण कोणते, हे ओळखण्याची युक्ती मोठी सोपी आहे. यंत्र त्याच वेगाने फिरत ठेवून रोटरचा वीजप्रवाह बंद करावा. आता चुंबकत्व उरले नाही. थरथर थांबली, तर दोष चुंबकत्वात, म्हणजे बहुधा वेढ्यांत आहे. ती तशीच राहिली, तर दोष तोल बिघडल्याचा आहे. एका वेळी एकच कारण दूर करून परिणाम पाहणे, ही विज्ञानाची जुनी रीत येथेही उपयोगी पडते.

दोष सापडला म्हणजे पुढचे काम कठीण असले, तरी सरळ असते. यंत्र सवडीने बंद करता येते, दुबळा ध्रुव काढून त्याचे आवरण नवे घालता येते आणि तलावातील पाणी तोवर दुसऱ्या यंत्रांकडे वळविता येते. दोष सापडलाच नाही, तर मात्र यंत्र आपली वेळ स्वतःच निवडते. ती वेळ बहुधा सर्वांत अधिक भाराची असते, कारण भार वाढला की उष्णताही वाढते. त्या वेळी शहरात दिवे लागलेले असतात, लोकलगाड्या माणसांनी भरलेल्या असतात आणि रुग्णालयांत शस्त्रक्रिया चालू असतात. त्या साऱ्यांचे सूत्र केसाएवढ्या चिरेस बांधलेले असते.

मावळातील शेतकऱ्यास ही गोष्ट निराळ्या प्रकारे ठाऊक आहे. मुसळधार पावसात डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, हाती कुदळ धरून तो खाचराच्या बांधावरून फिरत असतो. वरून पाहणाऱ्यास सगळे बांध सारखेच धडधाकट दिसतात. परंतु त्याची दृष्टी पाण्याच्या पातळीवर असते. शेजारच्या खाचरांत पाणी टिकून आहे आणि याच खाचरात ते बोटभर उतरले आहे, एवढे दिसताच तो खाली वाकतो. बांधाच्या पोटात खेकड्याने बीळ केलेले असते. तो मूठभर चिखल दाबून ते बीळ तेथल्या तेथे बुजवितो आणि पुढच्या बांधाकडे वळतो.

स्वाध्याय

१. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी एरवी कोणत्या समुद्रास गेले असते? ते खोपोलीस कसे पोहोचते?

२. रोटरमधील दोषास कोरड्या खाचराची आणि स्टेटरमधील दोषास भोवऱ्याची उपमा का दिली आहे?

३. ‘जेवढे आत, तेवढेच बाहेर’ असूनही यंत्र आजारी कसे असू शकते, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

४. एखादे जनित्र मिनिटास ५०० फेरे घेत असेल, तर ५० आवर्तनांसाठी त्यास किती ध्रुव लागतील?

५. एकसारख्या वस्तूंची तुलना करून दोष ओळखण्याचे एक उदाहरण घरातून किंवा शेतातून शोधून लिहा.